घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे!

घरात कुणी घोरू लागलं की आपण म्हणतो, "बघा, कसा ढाराढूर झोपलाय!" माझ्या मते हा समज आता सोडायलाच हवा.

आधी घशाची रचना पाहू. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, म्हणून ती मिटत नाही. तिच्या वरची ग्रसनी मात्र मऊ असते. ती उघडी राहते स्नायूंच्या जोरावर. झोपेत हे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते. वाट अरुंद झाली की हवेच्या झोताने मऊ टाळू आणि पडजीभ थरथरतात, तेच घोरणं. वाट पूर्ण बंद झाली तर श्वास 10 सेकंद किंवा जास्तही थांबतो. रक्तातला ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस दचकून श्वास घेतो. रात्रभर हेच चालू! याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मग झोप कसली?

मुलांमध्ये बहुतेकदा वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड ही वाट अडवतात. वर्गात पेंगतो म्हणून मीही एका पोराला कितीदा उभं केलंय. त्याच्या टॉन्सिलचं ऑपरेशन झालं तेव्हा कळलं, चूक त्याची नव्हतीच.

म्हणून शिक्षकांनो, पेंगणाऱ्या, चिडचिड्या मुलाला 'आळशी' म्हणण्याआधी त्याच्या आईला एवढंच विचारा, "रोज रात्री घोरतो का? तोंड उघडं टाकून झोपतो का?" उत्तर 'हो' आलं, तर शिक्षा नको. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.