सहाबारी की पिस्तूल? आधी त्यांच्या बंदुका मोजा

आपल्या पोरांत सध्या एक वाद जोरात चाललाय. टपरीवर, अभ्यासिकेत, मोर्चा संपल्यावर स्टेशनच्या पुलाखाली. स्वसंरक्षणाला रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल? गावाकडून मारहाणीची बातमी आली की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी मोबाइलवर बंदुकीचा फोटो दाखवतो. एक म्हणतो सहाबारी घ्यावी, ती दगा देत नाही. दुसरा म्हणतो जमाना मॅगझीनचा आहे. तिसरा गप्प असतो, कारण चहाचे पैसे त्याला द्यायचे असतात.

या वादाला हसणारे पुष्कळ आहेत. समंजस, इस्त्रीचे लोक. ते म्हणतात, तुम्हाला संविधान दिलंय, आता शस्त्र कशाला? आधी यांचा हिशेब करतो. संविधान तुम्ही आम्हाला दिलेलं नाही, ते आमच्या बापानं लिहिलंय. ज्याच्या पत्र्यावर रात्री कधी दगड पडला नाही त्यानं शांततेवर प्रवचन झोडू नये. जीव वाचवायचा हक्क कायद्यातच आहे. पिनल कोडात तो ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३४ ते ४४ मध्ये आहे. नंबर बदलले, हक्क तोच. म्हणजे आपल्या पोरांचा प्रश्न रास्त आहे. रास्त प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं लागतं.

तर ऐका. रिव्हॉल्व्हर म्हणजे चक्री. सहा घरं, सहा काडतुसं. चाप ओढला की चक्री फिरते, घोडा पडतो, बार होतो. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. भरलेलं आहे की रिकामं, ते चक्री उघडली की डोळ्याला दिसतं. चाप जड, म्हणून चुकून बोट लागून बार व्हायची भीती कमी. पण त्याच जडपणानं नवख्याचा नेम हलतो. आणि सहा संपले की पुन्हा भरायला वेळ लागतो.

पिस्तूल चपटं, अंगाला चिकटून बसतं. मुठीतल्या मॅगझीनमधून गोळी वर येते. प्रत्येक बारासरशी स्लाइड मागं जाते, टरफल बाहेर फेकते, नवी गोळी नळीत ढकलते. गोळ्या जास्त, भरणं झटपट. पण गोळी फुसकी निघाली, टरफल अडकलं, मनगट ढिलं पडलं, तर हातानं स्लाइड ओढून ते साफ करावं लागतं. समोर कोयता घेऊन माणूस उभा असताना. शिवाय मॅगझीन काढून घेतलं तरी एक गोळी नळीत राहू शकते. हे जो विसरतो त्याच्या घरातलंच पोर मरतं. पिस्तूल सराव मागतं, सराव काडतुसं मागतो, काडतुसं पैसा मागतात.

मी खापरचा. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं गाव, पलीकडं गुजरात. दहावी पास. मुंबईच्या गोदीत अंगमेहनत करतो आणि कविता लिहितो. पाळी भरून आलेल्या माणसाचा हात कसा थरथरतो ते मला माहीत आहे. वर्षात दहा बारसुद्धा ज्याला काढायला मिळणार नाहीत अशा माणसानं निवडायचंच तर सहाबारी निवडावी. वाद संपला.

आता दुकानात चला. ९ एमएम आणि पॉइंट ३८ हे निषिद्ध बोअर, साध्या माणसाला बंद. उरतं पॉइंट ३२. सरकारी कारखान्यानं २०१४ साली कानपूरला 'निर्भीक' नावाचं पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, बाईच्या पर्समध्ये मावावं म्हणून. दिल्लीच्या निर्भयाची आठवण म्हणून नाव. तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. कुठल्या बाईची पर्स ही? आमच्या बाया सातपुड्याच्या पायथ्याला निंदणी करतात, तिथून ऊसतोडीला जातात, त्यांच्या कमरेला पानतंबाखूची पिशवी असते. आणि घेतलंच तर ठेवणार कुठं? परवान्याचे नियम म्हणतात, हत्यार कुलपात सुरक्षित ठेवा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात. त्यात दोन लहान पोरं.

कायदा बोलायला मोठा गोड आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १४ सांगतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं परवाना नाकारता येणार नाही. वा! परवान्याला मालमत्ता लागत नाही, फक्त बंदुकीला लागते. अर्ज जातो कुठं? पोलिसांच्या चौकशीला. ज्या ठाण्याच्या पायरीवर फिर्याद लिहून घ्या म्हणून आमचा माणूस रात्र काढतो, तेच ठाणं लिहिणार याला धोका आहे की नाही.

मग हत्यारं आहेत कुणाकडं? पोरांनो, खरा प्रश्न इथं सुरू होतो.

१८७८ चा इंग्रजांचा शस्त्र कायदा घ्या. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्याला सूट. सातपुड्यात खाज्या नाईक, भीमा नाईक १८५७-५८ साली इंग्रजांशी लढले, आंबापाणीला भिल्लांची प्रेतं पडली, त्याला तेव्हा वीसच वर्षं झाली होती. १८९२ ला महारांची फौजेतली भरती बंद केली. पुढं महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बोधचिन्हावर विकर्स मशीनगन आहे. सरहद्दीवर आमच्या हातात मशीनगन चालते, गावात आमच्या हातात काठी दिसली तरी शांतताभंग होतो.

स्वतंत्र भारताच्या कायद्यात कलम १३ आहे. त्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा सांगितलाय. ज्वारीच्या कणसाला संरक्षण! ज्याचं शेत त्याची बंदूक. ज्याला गुंठा नाही तो कुठलं पीक दाखवणार? आमच्या शेजारच्या शहादा तालुक्यात पीक संरक्षण सोसायट्यांचे राखणदार गवताच्या भाऱ्यासाठी भिल्लांच्या बायांना झोडायचे. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला उपाशी भिल्ल धान्य मागायला गेले. त्यांना दरोडेखोर ठरवून जमीनदारांच्या जमावानं गोळ्या चालवल्या. तिथं कुणी विचारलं नाही, ही गोळी रिव्हॉल्व्हरची की पिस्तुलाची.

आणि जातीवर शस्त्र देता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कोडगूला जाऊन यावं. तिथल्या कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना १८६१ पासून बंदुकीच्या परवान्याची सूट आहे. २०१९ ला केंद्र सरकारनं ती २०२९ पर्यंत वाढवली. कोडवांशी आपलं भांडण नाही. पण सरकारला समाज बघून शस्त्र देता येतं, एवढं ध्यानात ठेवा.

आता दुसरी बाजू, आपल्या पोरांसाठी. आम्हाला मारायला त्यांना नेहमी बंदूक लागली का? १० जानेवारी १९७४ ला मोर्च्यात पँथर भागवत जाधवचा जीव वरून टाकलेल्या दगडानं घेतला. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा भोतमांगे, प्रियंका, सुधीर, रोशन या चौघांना मारलं ते काठ्या, कुऱ्हाडी, सायकलच्या चेनांनी. शस्त्र कायद्यात लाठी हे शस्त्रच नाही. त्याला परवाना नाही, म्हणून तो रद्दही होत नाही. सुरेखाबाईंनी मारहाणीच्या केसमध्ये आरोपींना ओळखलं होतं. त्यांना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर आला. अख्खा गाव अंगावर येतो तेव्हा सहा काडतुसांचा हिशेब कसा करायचा? तिथं आधी हवा होता जामिनाला विरोध करणारा वकील आणि दारात उभा पोलीस. कायद्यानं दोन्ही देणं लागत होता, दिलं नाही. वर खटल्यात अॅट्रॉसिटी कायदा लागलाच नाही. आणि ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात दहा माणसं पडली ती राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी. सरकारी रायफलीपुढं तुमचं पॉइंट ३२ काय करणार?

ज्यांच्या नावावरून १९७२ ला इथं पँथर हे नाव आलं त्या अमेरिकेतल्या पँथरांकडं बघा. १९६६ ला ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी संघटना काढली. त्यांच्या राज्यात उघडी बंदूक बाळगणं कायदेशीर होतं. काळी पोरं बंदुका घेऊन पोलिसांच्या गाडीमागं फिरायला लागली, तर १९६७ ला कॅलिफोर्नियानं कायदाच बदलला. गव्हर्नर रेगननं सही केली. गोऱ्यांच्या खांद्यावर होती तोवर ती बंदूक हक्क होती. डिसेंबर १९६९ ला शिकागोत फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी पहाटे घरात घुसून मारलं. वय २१. घरात हत्यारं होती. तो अंथरुणात होता.

खापरला आमच्या गल्लीत एका म्हातारीपुढं हाच रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचा वाद निघाला. तिनं हॅम्प्टनचं नाव ऐकलेलं नाही. ती म्हणाली, "बंदूक लई येशी भो, पन झोपशी कव्हय?"

याचं उत्तर टपरीवरल्या कुणाकडं आहे? झोपायला पहारा लागतो. पहाऱ्याला वस्ती लागते, शेजारची भिल्लवस्ती जोडीला लागते. पाटीलवाडीनंतर अंबरसिंग सुरतवंती आणि पुढं १९७२ ची श्रमिक संघटना यांनी तेच केलं. भिल्ल एक झाले, गेलेल्या जमिनी सोडवल्या, बायांनी दारूचे गुत्ते फोडले. जमीनदारांच्या घरात बंदुका तेव्हाही होत्या.

एक इशारा. सातपुड्यापलीकडून, बडवानी-खरगोनच्या पट्ट्यातून येणारा गावठी कट्टा स्वस्त पडतो म्हणून कुणी भुलू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्याराला कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. कट्टा आपल्याच हातात फुटेल किंवा पोलिसांना आपल्या वस्तीत शिरायचं दार उघडून देईल. त्यांना तेच हवंय. कट्टा विकत घेणारा वाघ नाही, तो पोलिसांच्या सापळ्यातला बोकड आहे.

बाबासाहेबांनी १९३६ ला 'जातिनिर्मूलना'त दाखवलंय की चातुर्वर्ण्यानं खालच्या माणसाला शस्त्र, सत्ता आणि शिक्षण तिन्ही नाकारलं म्हणून इथं बंड झालं नाही. तिन्ही, हे विसरू नका. आपली पोरं एकच धरून बसलीत, तेही दुकानाच्या काचेपलीकडलं.

आता काम सांगतो. अॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम आहेत. त्यातला नियम ३ वाचा. अत्याचाराची शक्यता असलेला भाग सरकारनं शोधायचा. गरज असेल तर त्या भागातल्या दलित-आदिवासी नसलेल्यांचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे आणि हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि त्यानंतर, गरज वाटली तर, दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्यायचे. क्रम बघा. आधी त्यांची बंदूक खाली, मग आमची वर. २०२० ला हाथरसनंतर चंद्रशेखर आझादांनी बहुजनांना परवाने आणि निम्म्या किमतीत बंदुका मागितल्या. मागणी चुकीची नाही, अर्धी आहे. नियमाचा पहिला भाग आधी मागा. तो मागायला पैसे लागत नाहीत, आणि त्यांना तोच जास्त झोंबतो. आमच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरला ते भीत नाहीत. भिंतीवरची आजोबाची बंदूक पोलिसांच्या गाडीत घालून न्यायची पाळी आली की मात्र घाम फुटेल.

तेव्हा टपरीवरून उठा. १ लाख २२ हजार नकोत, दहा रुपये काढा. कोर्ट फी स्टॅम्प आणा. २००५ च्या माहिती अधिकारात आपापल्या जिल्हाधिकाऱ्याला अर्ज टाका. मी नंदुरबारला टाकतोय. विचारा:

नियम ३ खाली जिल्ह्यातली कोणती गावं अत्याचारप्रवण ठरवली? त्या गावांत शस्त्रपरवाने किती, आणि त्यातले दलित-आदिवासींचे किती? नियम ३ खाली आजवर किती परवाने रद्द झाले, किती हत्यारं जमा झाली? किती दलित-आदिवासींनी परवाना मागितला, किती जणांना मिळाला? तुमच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. मागची कधी झाली, त्यात शस्त्रांचा विषय निघाला का?

उत्तराला मुदत तीस दिवस. उत्तर आलं नाही तर अपील करा. आलं तर ते कागद वस्तीच्या फळ्यावर लावा आणि इथं छापायला पाठवा. ज्यांना परवाना हवाच आहे त्यांनी एकवीस वर्षं पूर्ण असतील तर उघड अर्ज करावा, नियम ३ चा हवाला देऊन, सगळ्या वस्तीनं एका दिवशी, एका रांगेत. पहिला अर्ज बाईच्या नावानं.

त्या रांगेत सहाबारी की पिस्तूल यावर खुशाल भांडा. मीपण भांडेन. जयभीम.