बिचाऱ्या दोनला अपवाद कशाला म्हणायचे?

‘एकमेव सम मूळ संख्या कोणती?’ हा एका गुणाचा प्रश्न शाळेत आपण सगळ्यांनीच सोडवलेला असतो. उत्तर २. गुण मिळतो आणि विषय तिथेच संपतो. माझा आक्षेप या संपण्याला आहे.

‘२ सोडून सर्व मूळ संख्या विषम असतात’ हे वाक्य खरे आहे. पण मुलांच्या डोक्यात ते उलटे जाऊन बसते: विषम दिसली की मूळ. मग ५१ आणि ९१ हमखास फसवतात (५१ म्हणजे सतरा त्रिक, ९१ म्हणजे तेरा साते). १ ते १०० मधल्या ५० विषम संख्यांपैकी मूळ फक्त २४. १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही. उरलेल्या २५ चक्क संयुक्त आहेत.

आणि २ चे एवढे नवल तरी कशाला? २ ने भाग जाणारी एकमेव मूळ संख्या २, तशी ३ ने भाग जाणारी एकमेव मूळ संख्या ३ आणि ५ ने भाग जाणारी ५. फरक इतकाच की २ ने भाग जाणाऱ्या संख्यांना आपण ‘सम’ असे खास नाव दिले, ३ ने भाग जाणाऱ्यांना दिले नाही. एवढे फळ्यावर दाखवले तरी पाठांतराची गरज उरत नाही.

खरी गंमत बेरजेत आहे. १७४२ साली गोल्डबाख आणि ऑयलर यांच्या पत्रव्यवहारातून एक प्रश्न निघाला: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? २८ म्हणजे ५ अधिक २३. १०० तर सहा प्रकारे लिहिता येते. ४ वर १८ शून्ये इतक्या संख्येपर्यंत संगणकाने पडताळून झाले, एकही सम संख्या निसटली नाही. तरी सिद्धता अजून कुणाच्या हाती लागलेली नाही. मूळ संख्या ठरतात गुणाकारावरून, आणि प्रश्न आहे बेरजेचा. अडचण तिथेच आहे.

विषम संख्यांचे काय? दोन विषम मिळवल्या की सम येते, म्हणून इथे एक संख्या २ असावीच लागते. ११ मधून २ गेले की उरतात ९, आणि ९ मूळ नाही. म्हणजे ११ ला दोन मूळ संख्या पुरत नाहीत. तीन पुरतात: ३, ३ आणि ५. पाचापेक्षा मोठ्या प्रत्येक विषम संख्येला तीन पुरतात, याची सिद्धता हेल्फगॉट यांनी २०१३ मध्ये मांडली.

‘१०० च्या सहाही जोड्या शोधा’ असा प्रश्न सहावीच्या पेपरात यायला काय हरकत आहे? शोधताना ९ अधिक ९१ आणि ४९ अधिक ५१ याही जोड्या समोर येतील, आणि त्या का चालत नाहीत हे मुलांना स्वतःच ठरवावे लागेल.