कान पाहून कुत्रा निवडूं नये

इंग्लंडांत नॉर्विच टेरिअर व नॉर्फोक टेरिअर अशा कुत्र्यांच्या दोन जाती आहेत. दोन्हींची उंची सुमारें १० इंच, वजन सुमारें ५ किलो, केंस राठ, व मूळचें काम उंदीर मारण्याचें. तेथील केनेल क्लबानें १९३२ सालीं त्यांस एकच जात मानिलें. १९६४ सालीं त्या निराळ्या ठरल्या. खूण एवढीच, कीं नॉर्विचचे कान उभे, तर नॉर्फोकचे दुमडलेले. परंतु लहानपणीं दोन्हींचे कान पडलेलेच असतात. म्हणून पिलाचे आईबाप पाहिल्यावांचून जात ओळखूं येत नाहीं.

तथापि कान आवडला म्हणून पिलूं घ्यावें, हें आम्हांस मान्य नाहीं. नॉर्विचमध्यें श्वासमार्गाचे विकार आढळतात, नॉर्फोकमध्यें हृदयाच्या झडपेचे. डौल आपण पाहतों. धाप मात्र त्या मुक्या जीवास सोसावी लागते. यास्तव, मुलांनो, पिलाच्या आईबापांची पशुवैद्याकडून तपासणी झाली आहे काय, हें तुमच्या वडिलांनीं प्रथम विचारावें, असा आग्रह तुम्हीच धरा. कुत्रा बारा-पंधरा वर्षें आपल्या आधारानें जगतो. त्याच्याविषयींचें आपलें कर्तव्य तो घरीं येण्यापूर्वींच सुरू होतें.