राखणीच्या ड्रोनला नियमात जागा हवी

मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोली आली की गोदामांची रांग सुरू होते. भिवंडी तालुक्यातल्या राहनाळ, पूर्णा, दापोडे, वळ, काल्हेर या गावांतली भातखाचरे आता पत्र्याच्या शेडांमध्ये अडकून पडली आहेत. जमिनीला भाव आला, तसा राखणीचा प्रश्नही आला. मोकळ्या तुकड्यावर रातोरात राडारोडा येऊन पडतो, कुणी मुरूम उचलून नेतो, कुणी कुंपणाचा खांब हातभर पुढे सरकवतो. मालक नोकरीनिमित्त ठाण्यात किंवा मुंबईत. सातबारा कपाटात आणि जमीन डोळ्यांआड, अशी अनेकांची गत आहे.

अशा मालकाने, किंवा त्याच्या इंजिनीअरिंगला असलेल्या मुलीने, कॅमेऱ्याचा ड्रोन घरीच बांधून शेतावर नजर ठेवायची ठरवली, तर तिचे कौतुकच व्हायला हवे. आजचे नियम मात्र तिला दारातच अडवतात.

९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुटे भाग मात्र खुले ठेवले. देशात ड्रोन बनावेत, हा त्यामागचा हेतू. त्या हेतूला धरूनच ही हौस चालते. सांगाडा, चार मोटरी, त्यांचे वेगनियंत्रक, उड्डाण-नियंत्रक, जीपीएस, लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि छोटा कॅमेरा एवढ्यावर दोन किलोच्या आत बसणारा ड्रोन उभा राहतो. तो पंधरा-वीस मिनिटे उडतो. दोन-तीन एकरांची फेरी मारायला तेवढे पुरे होते. आयडियाफोर्ज ही कंपनीही आयआयटी मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्या अशाच खटपटीतून २००७ साली उभी राहिली. पुढे तिने डीआरडीओसोबत ‘नेत्र’ ड्रोन विकसित केला आणि २०२३ मध्ये ती शेअर बाजारात आली.

भिवंडीत हे काम शिकणाऱ्याची परीक्षा जरा कडकच होते. पहिल्या उड्डाणाआधी ड्रोन हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवावा लागतो, म्हणजे त्याचे होकायंत्र जुळते. हे काम गोदामाच्या लोखंडी शेडजवळ किंवा सळया भरलेल्या स्लॅबवर केले, तर होकायंत्र फसते आणि ड्रोन जागी थांबण्याऐवजी गोल गोल फिरत लांब जातो. पडघ्याच्या बाजूला तर चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर अंतर कापून आलेली ५०० केव्हीची डीसी वीजवाहिनी आहे. तिच्या चुंबकीय क्षेत्राजवळ जाणे टाळावेच लागते. संपर्क तुटल्यावर ड्रोनने आपोआप परतण्याची उंचीही शेड आणि मनोऱ्यांच्या वर ठेवावी लागते.

आता कायदा. ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. २५० ग्रॅम ते दोन किलो वजनाचा ड्रोन ‘मायक्रो’ गटात येतो. तो व्यावसायिक कामासाठी नसेल, तर वैमानिक परवान्याची गरज नाही. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगीही लागत नाही. क्षेत्र कोणते, हे सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर दिसते आणि तो प्रत्येक वेळी पाहायलाच हवा. कारण काल्हेर-कशेळीच्या खाडीपलीकडे कोलशेतला हवाई दलाचे ठाणे आहे. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

खरी अडचण पुढे आहे. प्रत्येक ड्रोनच्या बनावटीला प्रमाणपत्र लागते. त्यातून सूट आहे ती २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला आणि ‘मॉडेल’ ड्रोनला. मॉडेलची व्याख्या मात्र शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी आणि मनोरंजन एवढ्यावरच थांबते. म्हणजे मुलीने शेतावर ड्रोन गंमत म्हणून उडवला तर चालेल, पण त्याच उड्डाणात राडारोडा टाकणारा डंपर शोधायला गेली, तर ती सवलतीच्या बाहेर. कारखानदारांसाठी आखलेली प्रमाणपत्राची प्रक्रिया एका घरगुती यंत्रासाठी कोण करणार?

ही सवलत राखणीलाही लागू करायला शेजाऱ्यांचा आक्षेप असू शकतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या बातम्यांनी गावेच्या गावे धास्तावली. चोर टेहळणी करतात या भीतीने लोक रात्रभर पहारा देत होते. भिवंडीत तर घराला घर लागून आहे. एकाच्या बांधावरचा कॅमेरा सहज दुसऱ्याच्या अंगणात डोकावतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले आहे, आणि कुणाचे खासगी अंग संमतीविना टिपणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे.

शिवाय ड्रोनचे चित्र म्हणजे हद्दीचा दाखला नव्हे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली आणि २०२० पासून स्वामित्व योजनेत ती देशभर गेली, पण ते काम भूमी अभिलेख खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने केले. शेताच्या बांधाचा वाद आजही सरकारी मोजणीनेच सुटतो. घरचा ड्रोन सांगू शकतो ते एवढेच की अमुक दिवशी इथे अमुक घडले. ते चित्र न्यायालयात टिकवायचे, तर मूळ मेमरी कार्ड जपावे लागते आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

म्हणून मागणी नेमकी आहे. दोन किलोच्या आतला, स्वतः बांधलेला ड्रोन स्वतःच्या सातबाऱ्यातल्या जमिनीवर दिवसाउजेडी, नजरेच्या टप्प्यात उडवणे हा हेतू नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने ‘मॉडेल’च्या व्याख्येत घालावा. बदल्यात मालकाने ड्रोनची नोंदणी करावी, आभासी कुंपण आपल्या गट नंबरापुरते आखावे, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवावे आणि शेजाऱ्याने मागितल्यास त्याच्या बाजूचे चित्रण दाखवावे. रात्रीची उड्डाणे या सवलतीत नकोत. ठाण्याच्या जिल्हा प्रशासनाने मंत्रालयाच्या बदलाची वाट न पाहता एक काम लगेच करावे: तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी उड्डाणक्षेत्रांचा गावनिहाय मराठी नकाशा तलाठी कार्यालयांत लावावा.