गोरा करायचं बटण

गिरणीच्या गेटावरच्या बापाची कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅनला दिली. स्टुडिओवाल्यानं 'ऑटो' दाबलं, बाप गोरा करून हातात ठेवला. वर म्हणतो, साफ केलाय!

कसली घाण साफ केलीस रे? काळेपणा तुझ्या यंत्राला चूक वाटते. वाटणारच. गोऱ्या बाईचं 'शर्ली कार्ड' पुढं ठेवून कोडॅकनं रंग जुळवायला शिकवलं. पुढं फर्निचरवाले अन् चॉकलेटवाले ओरडले, तेव्हा कुठं फिल्म तपकिरी छटा नीट धरू लागली. लाकडाला न्याय, माणूस रांगेत!

दोस्तांनो, ऑटो बंद करा. काळा चेहरा निगेटिव्हच्या पातळ भागात असतो. ८ बिटच्या २५६ पायऱ्यांत तो ताणला की फाटतो. १६ बिटला ६५,५३६ पायऱ्या मिळतात. तेच मागा. कर्व्ह हळू उचला, कपाळावरची सुरकुती दिसेपर्यंत. तिथंच थांबा.