थांबण्याचा अधिकार

२६ जुलै २००५ च्या महापुरातून मुंबई अजून सावरली नव्हती. दुसऱ्याच दिवशी, शहरापासून सुमारे १६० किलोमीटर दूर अरबी समुद्रात, मुंबई हायच्या उत्तर क्षेत्रात ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरील एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. त्याला उपचारांसाठी हलवणे भाग होते. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. तेव्हा जहाज तेलफलाटाजवळ नेऊन क्रेनच्या पाळण्यातून जखमीला वर घ्यायचे ठरले. आडोशाच्या बाजूची क्रेन बंद असल्याने जहाज वाऱ्याच्या बाजूने लावावे लागले. जखमी वर पोहोचला. पण माघारी फिरताना जहाजावरचा ताबा सुटला. लाटांनी ते फलाटाकडे ढकलले गेले आणि समुद्रतळाकडून येणाऱ्या वायूच्या उभ्या नळीवर, म्हणजे रायझरवर, आदळले. आग भडकली आणि सुमारे दोन तासांत अख्खा फलाट समुद्रात कोसळला. तिथल्या ३८४ जणांपैकी ३६२ वाचले. २२ जणांचा बळी गेला.

या साखळीतला प्रत्येक निर्णय त्या क्षणी योग्यच वाटावा असा होता. जखमीला मदत करू नये, असे कोण म्हणेल? मात्र बंद क्रेन, खवळलेला समुद्र, जहाजाच्या यंत्रणेतील बिघाड आणि फलाटाच्या सांगाड्याबाहेर, धडक बसू शकेल अशा जागी असलेले रायझर या चारही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. जोखीमशास्त्रात यासाठी जेम्स रीझन यांचे प्रारूप प्रसिद्ध आहे. सुरक्षेचा प्रत्येक थर चीजच्या चकतीसारखा असतो. त्याला भोके असतातच. सगळी भोके एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. म्हणून ‘चूक कोणाची’ यापेक्षा ‘कोणत्या टप्प्यावर थांबता आले असते’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

उत्तर समुद्रातील पायपर अल्फाने हा प्रश्न जगापुढे आधीच ठेवला होता. ६ जुलै १९८८ च्या रात्री तिथे १६७ जण मरण पावले. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढलेला होता, पण ती माहिती रात्रपाळीपर्यंत पोहोचलीच नाही आणि तोच पंप सुरू केला गेला. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. पायपर जळत असताना शेजारच्या फलाटांवरून त्याच जाळ्यात तेल आणि वायू सोडणे काही काळ चालूच राहिले. उत्पादन बंद करण्याचा निर्णय आपल्या हाती आहे, असे तिथल्या प्रमुखांना वाटलेच नाही. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. त्यातून ब्रिटनमध्ये नवी पद्धत आली. नियमांच्या यादीवर टिकमार्क करणे पुरेसे नाही. आपल्या फलाटावर कोणते धोके आहेत आणि ते कसे आटोक्यात ठेवले आहेत, हे कंपनीनेच सिद्ध करायचे.

भारतातही मुंबई हायच्या दुर्घटनेनंतर २००८ मध्ये सागरी तेल-वायू कामकाजाच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र नियम आले. तरीही मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळाने याच समुद्रात ‘पी-३०५’ या निवासी बार्जला गाठले. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून मिळत होते. बार्ज मात्र किनाऱ्याकडे न परतता समुद्रातच राहिली. नांगर तुटले, ती भरकटली आणि १७ मे रोजी बुडाली. तिच्यावरील २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक कामगार दगावले. नौदलाने जिवाची बाजी लावली नसती तर हा आकडा कितीतरी वाढला असता.

सोळा वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांची कारणे वेगळी आहेत, धडा एकच. काम थांबवणे महाग पडते आणि थांबल्यामुळे टळलेला अपघात कोणालाच दिसत नाही. बार्ज एक दिवस परत आणली तर त्या दिवसाचा खर्च हिशेबात दिसतो. वाचलेल्या जिवांची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. अशा वेळी निर्णय डेकवरच्या एकट्या माणसाच्या धाडसावर सोडणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

म्हणून थांबण्याची सीमा आधीच, किनाऱ्यावर शांत डोक्याने, लिहून ठेवली पाहिजे. वाऱ्याचा वेग किती झाला की काम बंद, लाटा किती उंच झाल्या की जहाज फलाटापासून दूर आणि चक्रीवादळाचा कोणता इशारा आला की बार्ज बंदरात, हे आकडे करारातच असावेत. परतल्याबद्दल ठेकेदाराला दंड बसणार नाही, हेही त्यातच असावे. कायम कर्मचारी असो की ठेक्यावरचा वेल्डर, ‘हे सुरक्षित नाही’ म्हणणाऱ्याची नोकरी शाबूत राहिली पाहिजे. आणि अपघातांचे चौकशी अहवाल लोकांसमोर यायला हवेत. कलन अहवाल जगाला शिकवू शकला, कारण तो सर्वांना वाचता आला.

पावसाळा दरवर्षी येणार आहे आणि अरबी समुद्र कोणाची मुदत पाहून शांत होत नाही. पुढचा इशारा येईल तेव्हा ‘थांबा’ म्हणणाऱ्याला परवानगी मागावी लागू नये, एवढी तजवीज आजच करणे आपल्या हातात आहे.