धावत्या गाड्यांचा सूत्रधार

पांढुर्ण्याच्या स्टेशनमास्तरांच्या हाती सिग्नल असतात. परंतु कोणती गाडी आधी सोडावयाची आणि कोणती मालगाडी बाजूला थांबवावयाची, हा निर्णय नागपूरच्या नियंत्रण कक्षातून येतो, कारण सबंध मार्ग तेथील नजरेसमोर असतो. मोटारगाड्यांच्या बिनतारी जाळ्यासाठी अभियंते अशीच व्यवस्था सुचवीत आहेत. गाडीतील यंत्र रस्त्याकडेच्या मनोऱ्यांशी बोलते, पुढील अपघाताची वार्ता घेते. गाडी वेगात असल्यामुळे हे संभाषण एका मनोऱ्याने दुसऱ्याच्या स्वाधीन न तोडता करावे लागते. प्रत्येक यंत्राने आपल्यापुरता विचार करण्याऐवजी तो मध्यवर्ती सॉफ्टवेअरने करावा व यंत्रांनी आज्ञा पाळावी, अशी ही कल्पना. रुग्णवाहिका कोणीकडे निघाली हे सूत्रधारास ठाऊक असले, की पुढचा मनोरा आधीच सज्ज राहतो आणि कोणा प्रवाशाचा चित्रपट तिच्या निरोपाआड येत नाही.

ही दूरची गोष्ट नव्हे. नागपुरात शहर बसगाड्यांच्या चालकांना धोक्याची सूचना देणारी यंत्रे बसविण्याचा ‘आय-रास्ते’ प्रकल्प २०२१ साली सुरू झाला. नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा कळविणारे यंत्र व संकटकाळचे बटण १ जानेवारी २०१९ पासून आवश्यक ठरले; रिक्षांना मात्र त्यातून सूट मिळाली.

आमची शंका निराळीच आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. तरी गंभीर रुग्णाला घेऊन इकडचे लोक आजही नागपूरच गाठतात. सावनेरच्या वाटेवर राज्य बदलते. त्या बटणाची हाक ऐकणारी केंद्रे राज्याराज्यांची आहेत. मग सीमेवर रुग्णवाहिकेचा सूत्रधार कोण? एका सॉफ्टवेअरने सोडली आणि दुसऱ्याने घेतली नाही, तर मधल्या मैलांत तिला वाली कोण?

शिवाय मध्यवर्ती यंत्रणेशी संबंध तुटला तर? आज्ञा पाळण्यापलीकडे काही न शिकविलेले यंत्र तेव्हा मुकेच राहणार. रेल्वेत नियंत्रकाशी बोलणे तुटले तरी शेजारच्या स्थानकाशी विचारविनिमय करून गाडी सोडण्याचे नियम आहेत. तसे मोजके नियम रस्त्याकडेच्या यंत्रातच ठेवावेत, असे आमचे मत आहे. संत्र्यांचा ट्रक घटकाभर खोळंबला तर संत्री नासत नाहीत; रुग्णाचे तसे नसते.

हा करारमदार मनोरे उभे राहण्यापूर्वी व्हावयास हवा. त्यासाठी भोपाळ व मुंबईच्या अधिकाऱ्यांनी एकवार सौंसर-सावनेर रस्त्याने एकाच गाडीतून प्रवास करावा.